चोनाइकाईची उन्दोकाई: कुठे धावावं, कुठे सावलीत बसावं

जपानमध्ये सप्टेंबरच्या आसपास दाराशी काइरानबान येऊन पडतं. फळीला चिमट्याने अडकवलेले कागद असतात. वाचायचे, सही करायची किंवा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायचे. कचऱ्याचे वार आणि गटारसफाईची तारीख यांच्यामध्ये रकाने आखलेला एक कागद सापडतो. "रस्सीखेच, १५ जण", "तामाइरे, २० जण", "वयोगट रिले, चाळिशीतला पुरुष, १". समोर नावं लिहायला रिकाम्या ओळी. चाळिशीतल्या पुरुषाची ओळ शेवटपर्यंत रिकामी राहते. त्यामागचं कारण पुढे येईलच.

हा कागद म्हणजे चोनाइकाईच्या, म्हणजे आळीच्या रहिवासी मंडळाच्या, उन्दोकाईचं, म्हणजे मैदानी खेळांच्या दिवसाचं, आमंत्रण. जपानमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत तो वाचून दोन गोष्टी होतात: एकतर "आपल्याला काय त्यातलं" म्हणून तो पुढे सरकतो, नाहीतर उत्साहाच्या भरात सगळ्या ओळींत नावं पडतात. दोन्ही चूक. निवाडा आधीच सांगून टाकतो. अर्ध्या दिवसाची आणि गटाने खेळायच्या प्रकारांची उन्दोकाई असेल तर पाचपैकी चार गुण. सकाळी साडेआठ ते दुपारी तीन, भाषणांसह, ज्यात दोनशे माणसं बसून आठ जणांना पळताना बघतात, तशी असेल तर फार तर अडीच. मैदान तेच, दोऱ्या त्याच, बक्षिसंही तीच. फरक पडतो तो माणूस किती वेळ रिकामा बसतो याचा.

म्हणून कागद हातात आला की पहिली नजर खेळांच्या नावांवर नको, आकड्यांवर टाका. एका खेळात एका आळीचे किती जण लागतात? १५-२० जणांचे खेळ निम्म्याहून जास्त असतील तर दिवस चांगला जातो. "१ जण", "२ जण" अशा ओळींनी कागद भरला असेल, तर चटई आणि उशी घेऊनच जायचं.

शाळेची उन्दोकाई आणि ही, यांची गल्लत नको. शाळेच्या कार्यक्रमात मुलं खेळतात आणि पालक कॅमेरे धरतात. आळीच्या उन्दोकाईत प्रेक्षक असा वेगळा वर्ग नसतो. तीन वर्षांच्या मुलाला धावत जाऊन खाऊची पिशवी उचलून आणायची शर्यत असते, तशी ऐंशीच्या आजींनाही बाटली उभी करायची असते. मैदान मात्र बहुतेक वेळा तेच, जवळच्या प्राथमिक शाळेचं. तिथे गाडी लावायला जागा नसते, सायकलनेच जायचं. शाळेच्या इमारतीतलं स्वच्छतागृह वापरायचं तर बूट काढून आत जावं लागतं, त्यामुळे फीत घट्ट बांधायच्या स्पोर्ट्स शूजपेक्षा लहान मुलांना वेल्क्रोचे बूट बरे.

हा प्रकार मुळात जपानी शेतातून उगवलेला नाही. १८७४ च्या मार्चमध्ये तोक्योच्या त्सुकिजी भागात नौदलाच्या प्रशिक्षणशाळेत इंग्रज शिक्षकांच्या पुढाकाराने जे मैदानी खेळ झाले, त्यांना पहिली उन्दोकाई मानतात. पुढे शाळांनी ती उचलली. पण मेइजी काळातल्या (१८६८-१९१२) बऱ्याच शाळांना स्वतःचं मैदान नव्हतं. मग पाच-सहा शाळा चालत नदीकाठी किंवा देवळाच्या आवारात जमायच्या आणि आसपासची गावं डबे बांधून बघायला यायची. उन्दोकाईला जत्रेची कळा आली ती तिथून. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकचं उद्घाटन १० ऑक्टोबरला झालं, १९६६ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली, आणि आळ्यांना आयती तारीख मिळाली. २००० पासून ही सुट्टी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते. २०२० पासून तिचं नाव "क्रीडा दिन" झालं.

तारखेचं गणित आता बदलतंय. उन्हाळा लांबलाय, म्हणून बरीच मंडळं सप्टेंबर सोडून ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये सरकली आहेत. जपानच्या क्रीडा संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उष्णता निर्देशांक, ज्यात तापमानाबरोबर दमटपणा आणि उन्हाची धगही धरतात, तो ३१ च्या वर गेला तर व्यायाम थांबवायचा आणि २८ च्या वर गेला तर जोरदार धावपळ टाळायची. मंडळाच्या मुख्य तंबूत हा आकडा दाखवणारं यंत्र टांगलेलं दिसलं, तर समजा माणसं जाणती आहेत. ते नसेल आणि तारीख सप्टेंबरची असेल, तर लहान मुलांना दुपारच्या आत घरी आणा.

पावसाचे तीन शब्द पाठ करून ठेवा, कारण कागदाच्या तळाशी त्यांतला एक असतोच. "शोउ केक्को" म्हणजे रिमझिम असली तरी होणार. "उतेन जुनएन" म्हणजे पाऊस आला तर पुढच्या तारखेला. "उतेन चूशी" म्हणजे पाऊस आला तर रद्द, विषय संपला. निर्णय पहाटे साडेपाच-सहाला होतो. पूर्वी त्या वेळी फटाक्यांचे बार उडवून सगळ्या आळीला "आज आहे" असं कळवायचे. झोपमोडीच्या तक्रारींमुळे अनेक ठिकाणी ते बंद झालं आणि आता फोनवर किंवा मंडळाच्या पानावर बघावं लागतं. आभाळ निरभ्र असूनही रद्द होऊ शकते, कारण आदल्या रात्रीच्या पावसाने मातीचं मैदान चिखल झालेलं असतं. पाव पकडण्याच्या शर्यतीसाठी मागवलेले पाव आयत्या वेळी परत जात नाहीत, त्यामुळे रद्द झालेल्या उन्दोकाईच्या दिवशी दारोदारी पाव वाटले जातात. तेवढं तरी पदरात पडतं.

उद्घाटन सोहळा सोडला तरी चालतो. मंडळाध्यक्ष, नगरसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, मग गेल्या वर्षीचा विजयध्वज परत करणं, मग खेळाडूंची शपथ: अर्धा तास उन्हात उभं राहणं. त्यानंतरची रेडिओ ताइसो मात्र चुकवू नका. १९२८ पासून रेडिओवर चालत आलेली ही कवायत; आजचा पहिला प्रकार १९५१ चा आहे. १३ हालचाली, जेमतेम सव्वातीन मिनिटं. अकराव्या हालचालीत दोन्ही पायांवर उड्या आहेत, त्या मोठ्यांनी खरंच माराव्यात. पोटरीला दिवसभरात मिळणारी खरी तयारी तेवढीच असते.

तामाइरे: पैसा वसूल

उंच काठीवर जाळीची टोपली, खाली जमिनीवर विखुरलेले कापडी चेंडू, आणि ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त चेंडू टोपलीत. दोन गटांचे लाल आणि पांढरा हे रंग ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या बाराव्या शतकातल्या युद्धाची आठवण आहेत: ताइरांचे ध्वज लाल, मिनामोतोंचे पांढरे. वीस जण एकाच वेळी खेळतात, कुणाला पळावं लागत नाही, आणि कोण कच्चं कोण पक्कं हे गर्दीत कळत नाही. आळीच्या उन्दोकाईसाठी याहून चांगला खेळ अजून निघालेला नाही.

चेंडू मुठीत मावणारा असतो, साधारण ७ सेंमीचा. जुने हाताने शिवलेले चेंडू कडधान्य भरून करायचे. त्यांना कीड लागते आणि ओल धरली की जड होतात. आता आत प्लास्टिकचे दाणे असतात. टोपली लहान मुलांसाठी दोन-अडीच मीटरवर आणि मोठ्यांसाठी तीन-साडेतीन मीटरवर ठेवतात.

नवखा माणूस एकेक चेंडू उचलून नेम धरतो आणि तिथेच हरतो. जाणता गट काम वाटून घेतो: अर्धे जण वाकून चेंडू गोळा करतात, अर्धे फेकतात. फेकणाऱ्याने चार-पाच चेंडू ओंजळीत रचून, लाडूंच्या चळतीसारखे, खालून वर एकदम उडवायचे. फेक हवी सरळ वर, टोपलीच्या काठापेक्षा हातभर उंच. लांबून टाकलेला चेंडू तिरका येतो आणि काठावर आपटून परततो. अगदी बुडाशी उभं राहिलं तर चेंडू जाळीच्या पोटाला लागतो. काठीपासून मोठं पाऊलभर अंतर बरोबर. सुरुवातीच्या दहा सेकंदांत सगळे एकदम फेकतात आणि चेंडू हवेतच एकमेकांना धडकतात. तेवढा वेळ नुसते गोळा करा आणि मग उडवा.

बिघाड ठरलेले आहेत. काठी धरणारा माणूस नकळत आपल्या गटाकडे झुकतो, म्हणून धरणारा दुसऱ्या आळीचा हवा. त्याच्या डोक्यावर चेंडूंचा पाऊस पडतो, त्याला टोपी द्यावी. जाळीच्या तळाची गाठ सैल असेल तर निम्मे चेंडू निसटतात आणि भांडण होतं. मोजणी हा उत्तम भाग: दोन्ही गटांचा एकेक माणूस "हितोत्सु, फुतात्सु" (एक, दोन) या गजरावर एकेक चेंडू आकाशात उडवतो, ज्याचे आधी संपले तो हरला. शेवटचे चार-पाच चेंडू मुद्दाम हळू काढतात. तेवढ्यात घोषणा करणाऱ्याची कला कळते.

ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांच्यासाठी: होक्काइदोमधल्या वास्सामु गावात याची रीतसर स्पर्धा होते. टोपली ४.१२ मीटरवर, चेंडू १००, आणि शेवटचा ठरावीक चेंडू सगळ्यांत शेवटी आत गेल्यावर घड्याळ थांबतं.

रस्सीखेच: दोर बघितल्याशिवाय हात लावू नका

त्सुनाहिकी म्हणजे आपली रस्सीखेच. आंतरराष्ट्रीय नियमांत एका बाजूला ८ जण आणि ४ मीटर ओढलं की विजय. आळीत १५ ते ३० जण असतात, अर्धा-एक मिनिट वेळ असतो आणि मधली लाल चिंधी ज्याच्या बाजूला तो जिंकला. ओढताना सगळे "ओ-एस्" म्हणतात; हा शब्द फ्रेंच खलाशांच्या आरोळीवरून आल्याचं सांगतात.

ताकदीपेक्षा ताल महत्त्वाचा. दोराच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने उभं राहायचं, दोर काखेखाली घ्यायचा, गुडघे थोडे वाकवायचे आणि हाताने न ओढता अंग मागे टाकायचं. पहिले तीन सेकंद नुसतं धरून ठेवणारा गट बहुतेक वेळा जिंकतो, कारण समोरचे पहिल्या हिसक्यात दम घालवून बसतात. वजनदार माणूस शेवटी, आरोळी देणारा मध्ये.

या खेळाला पूर्ण गुण देता येत नाहीत ते दोरामुळे. तागासारख्या मनिला धाग्याचा जाड दोर ओला असतानाच गुंडाळून कोठारात टाकला तर वरून ठणठणीत दिसतो आणि आतून कुजतो. तपासायची रीत सोपी: दोर दोन हातांत उलटा पिळून पीळ उघडायचे आणि आतल्या धाग्यांचा रंग बघायचा. आत भुरा चुरा निघाला, कुबट वास आला किंवा धागे बोटाने तुटले तर तो दोर बाद. पटकन दोन-चार ठिकाणी बघता येतं. दुसरा धोका आयत्या वेळी घुसणाऱ्या माणसांचा. "या, या, सगळे या" म्हणून पन्नास जण लावले, तर दोर मुळात तेवढ्यांसाठी नसतो. आणि काहीही झालं तरी दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, शेवटच्या माणसाने कमरेलाही नाही. शिट्टी वाजल्यावर एका बाजूने हात सोडला की दुसरी बाजू पाठीवर कोसळते. मागे मुलं उभी करू नयेत ती याचसाठी.

चाळिशीतल्या पुरुषाची ओळ

शेवटचा खेळ म्हणजे आळी विरुद्ध आळी रिले. सगळ्यांत जास्त गुण याला, सगळ्यांत मोठा आरडाओरडाही यालाच, आणि दिवसभरातल्या दुखापतींचा मोठा वाटाही याचाच. प्राथमिक शाळेतली मुलं, मग मोठी मुलं, विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी असा क्रम असतो. मुलं पडली तर उठून पळतात. चाळिशीतला माणूस पडतो तो वळणावर, आणि पडण्याचा प्रकारही ठरलेला: धड पुढे, पाय मागे. डोक्यात शाळेतला वेग असतो, मांड्यांत नसतो.

कारण साधं आहे. रिलेच्या आधी तो तीन-चार तास ताडपत्रीवर बसलेला असतो. गार पडलेल्या स्नायूवर अचानक पूर्ण जोर टाकला की मांडीच्या मागचा स्नायू ओढला जातो, नाहीतर टाचेमागची शीर तुटते. त्यात शाळेचं मैदान मातीचं, वर वाळूची भुकटी. १२-१३ मीटर त्रिज्येच्या वळणावर रस्त्यावरचे गुळगुळीत तळाचे बूट सरकतात. नाव दिलंच असेल तर पाळी येण्याच्या पंधरा मिनिटं आधी उठा. पाच मिनिटं चालणं, मग तीन-चार वेळा २० मीटर अर्ध्या वेगाने. शर्यतीत पहिले २० मीटर सबुरीने, वळणावर पावलं आखूड आणि अंग आतल्या बाजूला. बॅटन दिल्यावर जागीच ब्रेक मारू नका, दहा मीटर सैल पळत जा. बूट जुने आणि खाचांचे हवेत. नव्या बुटांचं उद्घाटन या दिवशी नको.

बाकीचे, थोडक्यात

"ताइफू नो मे", म्हणजे वादळाचा डोळा, हा तामाइरेच्या खालोखाल. चार-पाच जणांनी आडवा बांबू धरून पळायचं आणि शंकूंभोवती फिरायचं. आतल्या टोकाला बुटका, जागच्या जागी फिरणारा; बाहेरच्या टोकाला सगळ्यांत वेगवान. परतल्यावर बांबू आपल्या रांगेच्या पायांखालून नेतात, तेव्हा सगळ्यांनी उडी मारायची, आणि मग डोक्यांवरून, तेव्हा बसायचं. नेणाऱ्यांनी बांबू घोट्याच्या वर आणला की नडग्या फुटतात. तडकलेला बांबू हाताला कुसळं देतो, त्याला कापडी पट्टी गुंडाळलेली हवी.

बाटली उभी करण्याचा खेळ बघायला सुस्त, खेळायला अवघड. काठीला दोरी, दोरीला कडी, जमिनीवर आडवी १.८ लिटरची साकेची बाटली. कडी मानेत अडकवून बाटली उभी करायची. नवशिके कडी सरळ वर खेचतात आणि बाटली गरगरते. काठीचं टोक बाटलीच्या बुडाकडे नेत हळूहळू उचलायचं, म्हणजे बुडाची कड जागेवर टेकून राहते. आजोबा लोक इथे तरुणांना पाणी पाजतात.

पान-कुइ, म्हणजे टांगलेला पाव हात न लावता तोंडाने पकडायची शर्यत, फोटोसाठी उत्तम. आता पाव पिशवीतच टांगतात, ते योग्यच. पकडलेला पाव पळताना खायचा नाही, घशात अडकतो. बहुधा अनपान असतो, म्हणजे आत लाल अझुकी डाळीचं गोड पुरण. पुरणपोळीच्या माणसाला आवडतो. पिशवीवर अंडं आणि दूध यांची नोंद असते, ती शर्यतीनंतर वाचा.

मोठा चेंडू ढकलण्याचा ओदामा-कोरोगाशी वारा असेल तर गंमत, जोराचा असेल तर धोका: दीड मीटर व्यासाच्या चेंडूमागे लहान मूल दिसेनासं होतं. आणि मुकादे, म्हणजे गोम: दहा जणांचे पाय एकाच दोरीला बांधून धावणं. एक पडला की सगळे पत्त्यांसारखे पडतात आणि घोटे मुरगळतात. हा कार्यक्रमातून काढून टाकलेला बरा. तीन पायांची शर्यत पुरे आहे. तीही घोट्याच्या थोडं वर रुंद कापडी पट्टी बांधून, पहिलं पाऊल बांधलेल्या पायाचं ठेवून, "इचि, नि" मोजत.

पडद्यामागे काय तपासावं

मंडळाचं काम कसं आहे हे तंबूंवरून कळतं. लोखंडी नळ्यांचा, साधारण साडेतीन बाय साडेपाच मीटरचा तंबू उभा करायला सहा ते आठ जण लागतात. आधी छताचा सांगाडा जमिनीवर जोडायचा, त्यावर कापड ताणून बांधायचं, मग एका लांब बाजूचे पाय उघडायचे आणि नंतर दुसऱ्या बाजूचे. उतरवताना उलट. सांध्यात बोटं चेमटतात, म्हणून हातमोजे. प्रत्येक पायाला वजन हवं. २० लिटरचे पाण्याचे दोन डबे म्हणजे ४० किलो, तेवढं तरी असावं. पायाशी फक्त एकेक वीट ठेवलेली दिसली तर त्या तंबूखाली बाळाला निजवू नका. झाडाच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या की तंबू उतरवायची वेळ झाली.

रेषा आखायची पांढरी पूड आता कॅल्शियम कार्बोनेटची असते. पूर्वी भिजवलेला चुना वापरत. तो डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून शिक्षण मंत्रालयाने २००७ मध्ये शाळांना तो न वापरण्याबद्दल कळवलं. जुन्या कोठारात चुन्याची एखादी पिशवी अजून निघू शकते, वाचून मगच यंत्रात भरा.

१६० मीटरचा ट्रॅक आखायचा हिशेब असा: दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, म्हणजे ८०, उरलेल्या ८० मीटरचं एक पूर्ण वर्तुळ, त्याची त्रिज्या १२.७३ मीटर. मैदानाच्या मधल्या रेषेवर ४० मीटर अंतराने दोन खुंट्या. प्रत्येक खुंटीपाशी ३-४-५ मीटरच्या त्रिकोणाने काटकोन काढून दोन्ही बाजूंना १२.७३ मोजायचं, त्या खुंटीभोवती फिरून बाहेरच्या अंगाला अर्धवर्तुळ ओढायचं, टोकं सरळ रेषांनी जोडायची. साधी दोरी वापरू नका, ती ताणते आणि दुसरं वर्तुळ पहिल्यापेक्षा मोठं येतं, मोजपट्टीच हवी.

खुणेचे खिळे हा गंभीर विषय. जागा कळावी म्हणून जमिनीत खिळे ठोकतात, आणि काढायचे विसरतात. २०२३ मध्ये तोक्योच्या सुगिनामी वॉर्डात प्राथमिक शाळेच्या मैदानातल्या खिळ्याने एक मूल जबर जखमी झालं. मग शोध घेतल्यावर मैदानातून शेकडो खिळे निघाले. ठोकताना मोजायचे, काढताना मोजायचे, आकडा कागदावर लिहायचा. जमिनीवर अनवाणी खेळ ठेवणाऱ्या मंडळाला खिळे मोजून काढले का, हे जरूर विचारा.

डबा, बक्षीस, विमा

जेवण आपलंच न्यायचं. मंडळाकडून मिळणारं गरम तोनजिरु म्हणजे डुकराच्या मांसाचं मिसो सूप. मांस बाजूला काढलं तरी पाण्यात सहसा माशाचा अर्क असतोच. मंडळाच्या ओनिगिरीतही, म्हणजे भाताच्या गोळ्यांतही, साल्मन, ट्यूना किंवा बोनिटो माशाचा कीस असू शकतो. कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि उमे (खारवलेलं आंबट फळ) वरवर शाकाहारी वाटतात, पण त्यांतही बोनिटो मिसळलेला आढळतो. शाकाहारी घराने दशमी-चटणीचा डबा बरोबर ठेवावा, आणि शेजाऱ्यांसाठी चार जास्तीच्या. कचरा प्रत्येकाने घरी न्यायचा असतो.

बक्षिसं घरखर्चाला हातभार लावणारी: टॉयलेट पेपरचे रोल, टिश्यूचे डबे, कचऱ्याच्या पिशव्या, भांडी घासायचा स्पंज, सोया सॉस. पहिल्याला मोठा गठ्ठा, शेवटच्याला छोटा, पण रिकाम्या हाताने कुणी जात नाही. चार-पाच खेळांत भाग घेतलेलं कुटुंब सायकलच्या टोपलीत न मावणारं सामान घेऊन निघतं, म्हणून मोठी पिशवी न्या. शेवटी सोडत असेल तर तिची चिठ्ठी सकाळीच वाटतात; उशिरा येणाऱ्याला मिळत नाही.

सहभागाला बहुधा पैसे नसतात, खर्च मंडळाच्या वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीतून होतो. वर्गणी न भरणाऱ्या भाड्याच्या घरांनाही बरीच मंडळं घेतात, कारण माणसं कमी पडतात. महामारीत थांबलेल्या काही उन्दोकाया पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. हानचो, म्हणजे आपल्या घरांच्या गटाचा त्या वर्षीचा प्रमुख, त्याला विचारलं की कळतं. त्यालाच विम्याबद्दलही विचारा: दिवसाचा अपघात विमा मंडळ काढतं, पण उष्माघात त्यात धरला आहे का, आणि नाव आधी नोंदवावं लागतं का, हे जागोजागी वेगळं असतं. फुटलेला चष्मा त्यात सहसा येत नाही.

आवराआवरीला तासभर लागतो आणि त्यात हात लावणं हे खेळण्याइतकंच मोजलं जातं. तंबूचं कापड दव पडायच्या आत घडी करायचं, चेंडू रंगांनुसार मोजून पोत्यात भरायचे, आणि लांब दांड्याच्या फळीने, जिला तोम्बो म्हणजे चतुर म्हणतात, मैदानाची माती सारखी करायची. पोरांना हे तोम्बो ओढणं शर्यतीपेक्षा जास्त आवडतं.

मग हानसेइकाई. शब्दाचा अर्थ आत्मपरीक्षणाची सभा, प्रत्यक्षात सभागृहात बिअर आणि तळलेली कोंबडी. बोलावणं आलं तर अर्धा तास बसून या, उलॉंग चहा मिळतो. पण तिथे अध्यक्षांच्या शेजारची जागा टाळा. पुढच्या वर्षीचा साहित्यप्रमुख त्या टेबलावर ठरतो आणि "काही सूचना आहेत का" या प्रश्नाला ज्याने दोराचा विषय काढला, तोच दोर सांभाळतो.